तूप लावलेल्या रायफलीबाबत

मी, एकनाथ विष्णू दिवेकर, वय अडुसष्ट, राहणार ट्रॉय, मिशिगन, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते ठरवून ठेवीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व सर्व ठेवी पत्नी शुभा हिला. बेसमेंटमधला माझा लाकडाचा भुसा तिने वर्षानुवर्षे झाडला. बोलली तर एवढेच, "जेवायला वर येताय, की ताट खाली पाठवू?"

२. माझी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल मुलगी सावनीला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता वेगळा मागवून मी स्वतः बसवला आहे. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद सरकतो ना, हे तिने शिकारीच्या सीझनआधी पाहावे. अडकला तर लाकूड फुगले आहे; हलक्या हाताने घासावे.

३. माझा मित्र मनोहर सबनीस यास काहीही नाही. कारण लिहितो, नाहीतर मलाच कद्रू म्हणतील. त्याच्या रायफलीला नवा दस्ता मी बसवत होतो. लाकडाच्या खाचेत इपॉक्सी हा घट्ट होणारा गोंद भरून त्यात रायफल बसवली की ती हलत नाही. मात्र आधी लोखंडाला मेण चोपडावे लागते, नाहीतर दोन्ही कायमची चिकटतात. ते काम मनोहरने हौसेने मागून घेतले. मेण संपले तर पठ्ठ्याने साजूक तूप लावले, आणि मला बोलला नाही. रायफल निघेना, दस्ता छिन्नीने फोडावा लागला. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला हाच सगळ्यांना सांगतो, "एकनाथने माझी गन चिकटवून टाकली, यार." सगळे हसले. तो शांतपणे कणीस खात राहिला. पुढे त्याच्या बायकोने, दीपाने, सांगितले, "भाऊजी, तुपाची वाटी मीच भरून दिली. मला वाटलं, तुम्हीच मागितलंत." मनोहरला विचारले तर म्हणतो, "जोक होता रे, किती मनाला लावून घेतोस!" तेव्हापासून माझ्याकडे कोणी रायफल आणत नाही. सख्खा भाऊ मानला होता त्याला.

४. छिन्न्या, कानशी व लाकूड पकडायचा शिकंजा मंडळात ज्याला शिकायचे असेल त्याला.

५. मी गेल्यावर मनोहर आला तर शुभाने त्याला चहा द्यावा. शोकसभेत बोलायचे असेल, तर आधी तुपाचे सांगावे. नसेल जमत, तर नुसते बसावे.

साक्षीदार म्हणून आज मनोहरलाच बोलावले होते. तिसरे कलम त्याने दोनदा वाचले, पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले आणि "पार्किंगचं बघून येतो" म्हणून गेला. मी आणि दुसऱ्या साक्षीदार शोभाताई संध्याकाळपर्यंत थांबलो. मग शेजारच्या अरुणरावांना हाक मारली.

सही: एकनाथ विष्णू दिवेकर
साक्षीदार: शोभा कर्णिक, अरुण पटवर्धन
ट्रॉय, मिशिगन. १४ ऑक्टोबर २००६