युसुफचा रोजा, काशीचं पिंप

जयगड, ४ मे १९५५

चि. काशीराम यास आजीचे अनेक आशीर्वाद. जेवायचं विसरत नाहीस, मग आजीलाच बरा विसरतोस? तुझी खुशाली मला मोरू खलाशाकडून कळते.

तोच सांगत होता. युसुफचे रोजे चालू आहेत, तर पाणी बघून त्याला तहान लागू नये म्हणून तू मचव्यावरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप उचलून घरी ठेवलंस. खलाशी दिवसभर घसा सुकवून युसुफवरच डाफरले. वर उन्हात त्याला घेरी येईल म्हणून सुकाणूही काढून घेतलंस. मेल्या, रोजा त्याचा, तो सगळ्यांच्या गळ्यात का बांधलास? त्याचा बाप हारुन तुझ्या आजोबांच्या मचव्यावर रोज्यातच सुकाणू धरायचा. शेजारी बसून आम्ही पाणी प्यायचो. अवजड माल तेवढा सकाळच्या थंडाव्यात चढवायचे, तेही त्याला विचारून. तू विचारलंस? मी सांगते ते लिहिता लिहिता बकुळा हसते आहे, तुझीच बहीण.

लोभ आहेच, अक्कलही असू दे.
तुझी आजी

रत्नागिरी, ८ मे

ती. आजीस काशीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा युसुफ येईनासा झाला होता. दुसऱ्या मालकाने त्याला बोलावलंय म्हणे. आंबे पेट्यांत पिकताहेत, मला घरात बसवेना, बंदरावर उभं राहवेना. पिंप जागेवर ठेवलं. त्याच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परतलो. काल सूर्य बुडताना शेवटी आत गेलो. कुलसुमभाबीने त्याच्याबरोबर मलाही खजूर दिला. पाणी पिऊन तो एवढंच म्हणाला, "पाण्याचं सोड. चारचौघांत माझ्या हातून सुकाणू काढलंस तू."

चुकलो म्हटलं. सुकाणू तुझंच, माल कधी चढवायचा तेही तूच सांग. येतो की नाही, ते बोलला नाही. जीव थाऱ्यावर नाही. माया पातळ करू नकोस.
काशी

जयगड, १२ मे

चि. काशी यास आशीर्वाद. तुझ्या पत्राआधी तुझा मचवाच इथे लागला, सुकाणूवर युसुफ. रोजा आमच्या ओटीवर सोडला. अजून थोडा घुश्शात आहे. तू म्हणे मोरूला त्याच्यावर नजर ठेवायला बसवलंस, घेरी येते का बघायला. घेरी मोरूलाच आली, पाणी युसुफने पाजलं. आता पुरे कर तुझी काळजी.

तोंडी माया सगळेच कळवतात, मला ती पानात हवी. कुलसुमला सांग, ईदेला मटण नको, माझे दात गेले. नारळाच्या रसात भिजवलेली सांदणं पाठव.
आजी