मनगटातल्या वाद्या

१६ मार्च १९५३

चि. तोरगाइर यास गुडलौगताईचे अनेक आशीर्वाद.

बोरी ईस्टरच्या सुट्टीला तुझ्याकडे येतेय. शनिवारी, अठ्ठावीसला सकाळी निघेल. माझी तेरा वर्षांची पोर पहिल्यांदाच एकटी खिंड ओलांडणार, मला आत्तापासून घास गिळत नाही. त्यात तू! टपालवाले सिवर्टकाका सांगत होते, तुझ्या शाळेतली मुलं काठ्यांशिवाय स्कीवरून घसरतात, हात पसरून, कोंबड्यांसारखी. मास्तर, तुझे प्रयोग तुझ्या शाळेत. बर्फाच्या दरडीतून बाबांच्या काठीचं टोक वर दिसलं म्हणून ते सापडले, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत पुरायलासुद्धा मिळाले नसते. बोरीच्या काठ्यांना मी नव्या कातडी वाद्या शिवल्यात, मनगटाला घट्ट. हातून सुटायलाच नकोत.

घरचे सगळे बरे. माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई

२५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोंबड्यांवरून मीही हसलो. काठ्या नसल्या की पोरं आपल्या पायांवर तोल सांभाळायला शिकतात, एवढंच. पण हे पुढचं एकटी असताना वाच.

बाबांना उकरून काढलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. काठीचं टोक वर होतं, खरं आहे. पण वाद्या मनगटांना आवळलेल्या होत्या आणि काठ्यांनी दोन्ही हात मागे ओढून धरले होते. तोंडावर हातभरच बर्फ होता गं. हात मोकळे असते तर तोंडापुढे श्वासापुरती जागा करता आली असती. तुला आणि आईला सांगायचं नाही, असं खणणाऱ्यांनी तिथेच ठरवलं. बावीस वर्षं तू काठीचे गुण गातेस आणि मी मान डोलावतो.

ताई, वाद्या कापून टाक. रागावलीस तरी चालेल, पण कापच.

तुझा तोरगाइर

२८ मार्च, दुपार

चि. तोरगाइर,

तुझं पत्र आत्ता बारा वाजता हातात पडलं. बोरी आठलाच गेली. वाद्या मीच तिच्या मनगटांवर चढवल्या, ओढून पाहिल्या. सिवर्टकाका म्हणाले, खिंडीच्या अलीकडे भेटली, मजेत होती. एवढं सांगून ते पुढच्या घराकडे वळले. उतार तर खिंडीपलीकडे. तिच्या बापाला मागोमाग धाडलंय, पण आता कुठे गाठणार? फोनच्या तारा वादळात तुटल्यात. तू मला आधी का नाही सांगितलंस रे? हे पत्र कशाला लिहितेय तेही कळत नाही, हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून लिहितेय.

ताई

२८ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस सा. न.

शेजारचा ओलाव पहाटे तिकडे निघतोय, त्याच्या हाती हे देतो. भावजी इथे पोचलेत, त्यांना मी रात्रीपुरतं थांबवून घेतलंय.

खिंडीपाशी सिवर्टकाकांनी बोरीला उभं केलं, दोन्ही हात वाद्यांतून बाहेर काढले आणि उतार संपेपर्यंत काठ्या नुसत्या मुठीत धरायची शपथ घातली. का, ते सांगितलं नाही. ताई, बाबांच्या वेळी ते माझ्या शेजारीच खणत होते. वर कडक बर्फ होता, काठ्या नसत्या तर पोर तिथेच घसरली असती, हे मी कबूल करतो. पण उताराच्या मध्यावर पायाजवळचा बर्फाचा थर तडकला आणि डावी काठी ओढून घेऊन खाली गेला. तिने मूठ सोडली.

मी चुलीपाशी बसून लिहितोय. मला माफ करशील तेव्हा कर.

काठी गेली. बोरी आली.

तुझा तोरगाइर