मंडळाच्या झेंड्यावरचं सहावं बोट

ती. आत्याबाईंना,

तुमच्या भाचेसुनेचा वाकून नमस्कार. ढमीचाही नमस्कार, ती सध्या जमिनीवरच असते, त्यामुळे तिला वेगळं वाकावं लागत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? उठताना कट् वाजतो असं लिहिलं होतंत, ते थांबलं का? आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला. ढमीला वरचे दोन दात आले आणि ते तिने आधी माझ्यावरच वापरून बघितले.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. माझी शाळा चौथीपर्यंतच, मी बोट लावून वाचते, त्यामुळे वाचायला पाऊण तास लागला. शेवटच्या ओळीला आले आणि तशीच जिन्यावर बसले. आधी हसले, मग रडले. हे घाबरले, त्यांना वाटलं तुमचंच काही बरंवाईट झालं. (ते तुमच्याच पत्रात कसं येईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.) तुम्ही विचारलंत की प्रकार नक्की काय झाला. बरोबरच आहे, मी नुसतं 'मंडळाचा झेंडा तुम्ही शिवला होता का, आमच्या ढमीलाही सहा बोटं आहेत, लवकर कळवा' एवढंच खरडलं होतं. तर आता नीट सांगते.

तुम्ही याच घरात वाढलात, म्हणजे खालच्या दोन खोल्या, जिना, मागचा नळ सगळं तुम्हाला पाठ असणार. खोल्या अजून आपल्याकडेच आहेत, रखवालीच्या बदल्यात. वर मंडळ. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी अकरा म्हातारे एकेक करून येतात, आधी तीनदा आणि मग थांबून दोनदा दार ठोठावतात (बेल चालू आहे), खिडक्या लावून घेतात, आणि मग आत काय चालतं ते कोणाला कळता कामा नये. मला सगळं कळतं. बहुतेकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे गुपितं ओरडून सांगावी लागतात.

त्यांची खूण तुम्हाला मी काय सांगायची? उघडा पंजा, पंज्यात आडवी किल्ली, आणि पंज्याला सहा बोटं. झेंड्यावर आहेच, शिवाय जिन्याच्या तोंडाशी भिंतीवरही रंगवलीय. नऊ महिने पोट सांभाळत मी तो जिना रोज झाडला आणि रोज त्या पंज्याकडे बघितलं. मग ढमी झाली. नर्सने तिला माझ्याजवळ दिलं तर डाव्या हाताला करंगळीशेजारी अजून एक करंगळी, नखासकट. डॉक्टर म्हणाले, काही नसतं हो, वर्षाची झाली की काढून टाकू, पाच मिनिटांचं काम. ह्यांनाही ते पटलं. पण समोरच्या इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, बघत बसलीस ना त्या हाताकडे, उतरलं पोरीवर. झालं. डॉक्टरांचं बोलणं दारापर्यंतही टिकलं नाही आणि काकूंचं आठ महिने छातीवर बसून राहिलं. मी पोरीचं वाटोळं केलं, नुसतं बघून. ते बोट मी कोणाला दिसू दिलं नाही, तिचा हात कायम दुपट्यात.

त्यात मागच्या महिन्यात मंडळाचा वाढदिवस आला. झेंड्याला कसर लागली होती म्हणून घड्याळजींनी (हे मंडळाचे चिटणीस, चौकात घड्याळं दुरुस्त करतात) तो माझ्याकडे रफूला दिला. एका मांडीवर ढमी, दुसरीवर झेंडा, दोघांचे हात शेजारी शेजारी. आत्याबाई, मला बघवेना. मनात म्हटलं, हे गेलं तर निदान पुढचं काही उतरायचं तरी थांबेल. ब्लेडने सहावं बोट उसवलं आणि तिथे झेंड्याच्याच रंगाचा निळा धागा भरला. इतका छान भरला की नंतर जागा मलाच सापडेना.

शनिवारी झेंडा लागला. बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. मग दातांच्या डॉक्टरांनी बोटं मोजली (त्यांना मोजायची सवय) आणि वर एकच कालवा. आपल्यातला कोणीतरी फुटला म्हणे. नेमकं काय चोरीला गेलं यावरूनही जुंपली. घड्याळजी म्हणाले, पाच बोटं म्हणजे पाच इंद्रियं आणि सहावं म्हणजे गुपित. दातांचे डॉक्टर म्हणाले, छे, सहावं म्हणजे मौन. (हे ते ओरडून म्हणाले.) निवृत्त मास्तरांचं म्हणणं, ही जुन्या गवंड्यांची खूण, सहावं म्हणजे त्यांचा ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायचा. इतकी वर्षं एका झेंड्याखाली बसून एकाचा अर्थ दुसऱ्याला माहीत नव्हता, कारण तो गुप्त.

मग ह्यांना वर बोलावलं. झेंडा तुमच्या घरी होता, तेव्हा खोल्या रिकाम्या करा, असं अध्यक्षांनी सांगितलेलं मी खालून ऐकलं. ढमीला कडेवर मारलं आणि वर गेले. बायकांना तिथे बंदी आहे, पण त्या वेळी कुठलं सुचतंय. ह्यांना ओरडू नका, मी उसवलं, म्हटलं. का उसवलं ते सांगेपर्यंत ढमीने दुपट्यातून हात काढून अध्यक्षांची दाढी धरली. डाव्या हाताने.

दातांच्या डॉक्टरांनी मोजलं आणि ते खालीच बसले. अध्यक्षांनी टोपी काढली. मग सगळ्यांनी काढली, ज्यांना टोपी नव्हती त्यांनी चष्मा काढला. घड्याळजींनी नियमांची वही चाळून सांगितलं की बंदी चालणाऱ्या बायकांना आहे, रांगणाऱ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. मग एकेकाने पुढे येऊन तिच्याशी गुप्त हातमिळवणी केली. ती सहाव्या बोटाने करायची असते म्हणे, त्यामुळे आजवर एकालाही धड जमली नव्हती.

अध्यक्ष मला म्हणाले, "पोरी, आम्ही जन्मभर ज्याच्यापुढे उभे राहिलो ते तुझ्या लेकीच्या हाताला आहे, आणि तू ते लपवतेस? जा, खोल्या तुमच्याच. झेंडा तेवढा होता तसा कर." फार चांगली माणसं आहेत, आत्याबाई. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण खाली आले तर धास्ती दुप्पट. त्यांना आनंद झाला, म्हणजे उतरलंच की खरंच. तेव्हा ह्यांनी सांगितलं की झेंडा आत्याने शिवलाय, आणि मी तुम्हाला ती चिठ्ठी टाकली.

आणि तुम्ही लिहिलंत की तेरा वर्षांच्या असताना मंडळाने सांगितलं, झेंड्यासाठी एक हात काढ, म्हणून तुम्ही तुमच्या वडिलांचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवलीत. त्यांना सहा बोटं होती आणि जन्मभर त्यांनी तो हात कोटाच्या खिशात ठेवला (म्हणून ह्यांनाही, सख्ख्या नातवाला, पत्ता नाही). तुम्ही सहावं बोट खोडायला निघालात तर ते म्हणाले, राहू दे, अर्थ ते लोक शोधतील. म्हणजे झेंड्यावरचं ढमीवर उतरलं नाही. आपल्या घरातलं झेंड्यावर गेलं. मी काही केलं नाही.

काल पहिल्यांदा तिचा हात उघडा ठेवून तिला नळावर नेलं. इस्त्रीवाल्या काकू बघत राहिल्या. मी म्हटलं, पणजोबांचा आहे. बास. आत्याबाई, तुम्ही दोन आण्याच्या पेन्सिलीने तेव्हा काढलंत आणि मला आज झोप लागली. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

तुमची,
ढमीची आई

ता. क. सहावं बोट परत भरलं. मंडळाला पणजोबांचं सांगायला गेले होते, पण मास्तर ओळंब्याबद्दल इतके रंगून बोलत होते की तशीच परत आले. आणि झेंड्यावरची ती किल्ली मागच्या संडासाची होती, नंबर लावून उभे असताना तुमच्या वडिलांच्या हातात होती असं तुम्ही लिहिलंत, हे तर कोणालाच सांगू नका. मंडळाचे लोक तिला ज्ञानाची किल्ली म्हणतात आणि मान वाकवतात.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. थंडी पडायला लागलीय. आत्ता ढमीला पिशवीसारखे हातमोजे चालतात, पण पुढे बोटांचे लागतील आणि दुकानात सहा बोटांचे मिळत नाहीत. तुमचा विणायचा हात आहे. एकच विणा, डावा, तीन-चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा. डॉक्टरांना मी बोट काढायला नको म्हणून कळवलं. ह्यांना अजून बोलले नाही, हातमोजा आला की कळेलच.