डावं मनगट

रेजां मामा,

बाराव्या वर्षी मला टेनिसमध्ये प्रांताची विजेती केलंस तूच, आणि पहिली पट्टी बांधलीस तीही तूच. "दुखणं बाहीखाली ठेव, पोरी. समोरचीला दिसलं की ती तिथेच मारते," म्हणायचास. पुढे मनगटाची दोन ऑपरेशनं झाली, नंबर चारशेच्या पलीकडे घसरला. तेव्हा "माझं वय झालं, आता कोचिंग पुरे," म्हणालास आणि महिन्याभरात माझ्या प्रतिस्पर्धी ब्रूकचा कोच झालास.

काल शेरब्रुकच्या स्पर्धेत माझी गाठ तिच्याशीच होती. सकाळी मुद्दाम तुला कळवलं, "डावं मनगट पुन्हा दुखतंय. कुणाला सांगू नकोस हं." लगेच तुझं उत्तर आलं, "जप, बाळा."

पहिल्या चेंडूपासून ब्रूक माझ्या डावीकडेच मारत राहिली.

मनगट ठणठणीत आहे, मामा. दुखतोय तो गुडघा. एखादा तरी चेंडू उजवीकडे येईल, मला पळवेल, हरवेल, म्हणून शेवटपर्यंत वाट पाहिली. आलाच नाही. सहा-दोन, सहा-एक, जिंकले मी. जाळ्यापाशी हात मिळवताना रडले, तर लोकांना वाटलं आनंदाने.

हे पत्र पाठवणार नाही. दुखणं बाहीखाली ठेवायचं तूच शिकवलंस.

तुझी भाची होती ती,
सोलांज