सहाशे बारा वारांवरून पाडलेला एल्क

विलो फोर्क, मोंटाना
नोव्हेंबरातला दुसरा रविवार

आदरणीय इंगाआत्या,

तुझा भाचा आर्व्हिड याचा, कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. इकडे सगळे जिवंत आहेत. (हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहितो, या वेळी विचार करून लिहिलं आहे.) तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं ग्रेथाकडून कळलं. आता दोन्ही डोळ्यांनी तुला शेजाऱ्यांचे दोष सारखेच दिसत असतील. मांजर कसं आहे? इकडे थंडी वेळेवर पडली. मी चालवतो ती शाळेची बस पहाटे कुरकुरते, पण चालू होते. बसमधली मुलं उलट करतात.

आमच्या मारिटचं लग्न जूनमध्ये ठरलंय हे तुला माहीतच आहे. मुलगा, डेन, गुणी आहे. त्याचे वडील रॉइस टिलटसन, म्हणजे आमचे होणारे व्याही, बिलिंग्जला राहतात, शेतीची अवजारं विकतात आणि शिकार करतात. निदान शिकारीबद्दल बोलतात तरी. माझा मेहुणा, ग्रेथाचा भाऊ बर्डेट तुला ठाऊक आहे. त्याने मला एका शब्दाने न विचारता व्याह्यांना आमच्या शिकारीच्या तंबूवर बोलावून टाकलं. मी तिथे दर वर्षी जातो ते मुख्यतः स्वयंपाकी म्हणून. निघताना मारिटने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाबा, डेनच्या बाबांना जरा सांभाळून घ्या. आणि ते गोष्टी सांगायला लागले की चेहरा नीट ठेवा." मी चेहरा नीट ठेवायचं कबूल केलं. सांभाळून घ्यायचं कबूल केलं तेव्हा मला वाटलं होतं की तिला कॉफी वेळेवर देणं वगैरे म्हणायचं आहे.

आत्या, तू आयुष्यभर कापड शिवलंस, तुला वार म्हणजे काय ते माहीत आहे. कापडवाला वार मोजताना किती हात आखडतो! तोच वार शिकाऱ्याच्या हातात दिला की बघ. पहिल्या संध्याकाळी शेंगा आणि खारवलेलं डुकराचं मांस खाऊन झाल्यावर शेगडीभोवती तोच विषय निघाला जो दर वर्षी निघतो: कोणी किती लांबून गोळी घातली. बर्डेटने त्याचं हरीण काढलं. माझं लग्न झालं तेव्हा ते हरीण तीनशे वारांवर होतं. यंदा ते नऊशे दहावर गेलं. बिचारं मेलं त्याला किती वर्षं झाली, पण दर हिवाळ्यात उठून आणखी थोडं लांब जाऊन मरतं. "गोळी सुटली," बर्डेट म्हणाला, "आणि मी सँडविचचा घास घेतला, चावला, गिळला, तेव्हा कुठे ते पडलं." व्याह्यांनी शांतपणे कॉफी संपवली आणि आठशे चाळीस सांगितले. आकडा लहान, पण आडवा वारा, चालता एल्क, म्हणजे इकडचं घोड्याएवढं सांबर, आणि मध्ये दोन पाईनची झाडं. बोट ओलं करून तो वारासुद्धा त्यांनी आम्हाला दाखवला, तंबूच्या आत. बर्डेटचा चेहरा पडला. त्याने झाडांचा विचारच केला नव्हता.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साठ. आणि बसलेला होता."

"दाजी, झोपलेला होता म्हणा की!" बर्डेट ओरडला आणि मांडीवर थापा मारत हसला. व्याही हसले नाहीत. घर पसंत पडून सौदा झाल्यावर विहिरीला पाणी नाही असं कळावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा नीट ठेवला.

सकाळी बर्डेट घोडे घेऊन वरच्या धारेवर गेला. व्याही म्हणाले, मी आर्व्हिडबरोबर जातो, त्यांना जरा लांबचं दाखवतो. दाखवलं. दुपार व्हायला लागल्यावर घळीपलीकडच्या उतारावर एक मोठा नर एल्क दिसला, एकटाच चरत होता. व्याह्यांनी अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं: सहाशे बारा वार. मी म्हटलं, आपण जरा जवळ जाऊ या का? "जवळ?" ते म्हणाले. "जवळ जाऊन काय, त्याला नावाने हाक मारायची?" मग ते पोटावर पालथे पडले, पिशवीवर रायफल टेकवली आणि इतका वेळ श्वास धरून राहिले की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. गोळी सुटली. एल्कने दोन पावलं टाकली आणि तो खाली बसला, मग आडवा झाला.

व्याही उठले नाहीत. "लागली?" त्यांनी मला विचारलं. लागली, मी म्हणालो. "खरंच लागली?" मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी रायफलीकडे असं पाहिलं, जणू ती परस्पर बोलली होती. आठशे चाळीसवाला माणूस सहाशे बाराला इतका का दचकतो, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी त्यांचं अभिनंदन करण्यात गुंतलो होतो. ते मला मिठी मारून उड्या मारत होते. (त्या उड्या चांगल्या तालात होत्या. त्याचं कारण पुढे कळेल.)

आता एक गोष्ट शेगडीभोवती कोणीच सांगत नाही. गोळीला लागतात ते सहाशे बारा वार सरळ असतात. माणसाला आधी घळीत उतरावं लागतं, मग ओढा ओलांडावा लागतो (गुडघ्यापर्यंत, बर्फासारखा), मग जळून पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांवरून चढावं लागतं. व्याह्यांचं वजन माझ्याइतकंच आहे, पण ते पुढच्या बाजूला जास्त आहे. आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता आणि झाडांखाली निळसर अंधार धरायला लागला होता. एल्क दिसेना. जिथे असायला हवा होता तिथे ताज्या मातीचा, काटक्यांचा आणि पाईनच्या सुयांचा एक ढीग होता. त्यातून एक शिंग बाहेर आलं होतं.

"कोणीतरी पुरलाय," व्याही हळूच म्हणाले.

आत्या, तुला ठाऊक आहे कोण पुरतं ते. इकडच्या अस्वलांना आता बंदुकीचा आवाज म्हणजे जेवायची घंटा वाटते. आम्ही अख्खी दुपार ओंडके चढत होतो, तेवढ्यात एक अस्वलीण येऊन, जेवून, उरलेलं झाकून ठेवून बसली होती. मी ते सगळं एका क्षणात समजलो. माझे पाय त्याच्याही आधी समजले असावेत, कारण ते हलेनात. ढिगाची पलीकडची बाजू उठून उभी राहिली.

ती खूप मोठी होती वगैरे मी लिहिणार नाही. तिचा आकार मला आठवतच नाही. मला आठवतं ते असं, की तिच्या नाकावर माती होती आणि ती आमच्याकडे रागाने पाहत नव्हती. दुकान बंद होताना गिऱ्हाईक आलं की दुकानदार पाहतो, तशी पाहत होती. मग तिने जबडा टाळीसारखा वाजवला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. व्याह्यांनी रायफल खांद्याला लावली.

"दिसतेय का?" मी विचारलं.

"केस," व्याही म्हणाले. "नुसते केस दिसतायत!" रायफलीवर लांबच्या शिकारीसाठी लावलेली मोठी दुर्बीण, जवळचं तिच्यातून काय दिसणार? तेवढ्यात ती निघाली. आत्या, ते धावणं नव्हतं. जमीनच आमच्याकडे येत होती. माझ्या पट्ट्याला अस्वलांवर मारायचा, मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा डबा होता. तो मी कसा उपसला ते मला माहीत नाही. मी तो दाबला, नारिंगी ढग बाहेर पडला, ती त्या ढगाच्या पलीकडे गचकन थांबली, शिंकली. आणि त्याच क्षणी वारा फिरला. (व्याह्यांनी तंबूत बोट ओलं करून दाखवला होता, तसलाच आडवा.) ढग जसाच्या तसा परत आला.

तू कधी मिरचीचं तिखट डोळ्यांत घातलं आहेस का? घालू नकोस, विशेषतः डाव्या. आम्ही दोघे आंधळे झालो. हात धरून, रडत, खोकत, चाचपडत मागे सरकलो तो एका मोठ्या दगडाला पाठ लागली. तिथेच खाली बसलो. आणि मग काहीच ऐकू येईना. तिचं शिंकणं नाही, चालणं नाही, जबडा नाही. नुसता वारा. ती गेली असेल, किंवा समोर बसून आमचे चेहरे पाहत असेल. मी आयुष्यात अनेकदा घाबरलो आहे, बस बर्फावर घसरली तेव्हाही, पण तेव्हा कशाला घाबरायचं ते निदान दिसत होतं.

वनखात्याच्या पत्रकात लिहिलेलं असतं की अस्वलाशी खालच्या, शांत आवाजात बोलत राहावं, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळतं. मी व्याह्यांना तसं सांगितलं. मी आधी माझ्या बसचे सगळे थांबे म्हटले, जाताना आणि येताना. मग थांबे संपले. "आता तुम्ही बोला," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"काहीही. तुमची ती गोष्ट सांगा."

व्याह्यांनी सुरुवात केली. आडवा वारा होता, दोन झाडं होती, आठशे चाळीस वार. कुठेतरी एक काटकी मोडली. मग त्याच शांत आवाजात म्हणाले, "सहाशे असतील." पुन्हा काहीतरी खसखसलं. "चारशे. झाडं नव्हती." मी त्यांचा हात दाबला. "दीडशे," ते म्हणाले, आणि आता ते खरोखरच रडत होते, मिरचीशिवाय. "पिकअपच्या बॉनेटवर टेकून मारला, आर्व्हिड. आणि तो आधीच लंगडत होता."

"अहो, हे आत्ता कशाला सांगताय?"

"मरताना तोंडात खोटं नको." मग त्यांनी विचारलं, "तुझं साठ म्हणजे साठच?"

"साठच."

"देवमाणूस आहेस," व्याही म्हणाले. तेव्हापासून आमच्यात अहो-जाहो संपलं. मग त्याने मला सांगितलं की तो उन्हाळ्यापासून गुपचूप नाच शिकायला जातोय. त्याची बायको गेल्यापासून तो कधी नाचला नव्हता, पण मुलाच्या लग्नात एकदा मारिटबरोबर नीट नाचायचं असं त्याने ठरवलं होतं. "पावलं बसलीयत मला," तो म्हणाला. "आता उपयोग काय?" मी म्हणालो, जूनपर्यंत आपण आहोत. माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसला नाही. आत्या, त्या दगडाला टेकून मी मारिटचा विचार केला. ती चार वर्षांची असताना मला विचारायची, बाबा, अंधारात कोण असतं? आणि मी म्हणायचो, कोणी नाही.

शेवटी खालून पातेलं बडवल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर बर्डेटचं चर्चमधलं गाणं, नेहमीसारखं बेसूर. घोडे, कंदील आणि शिव्या असं सगळं एकदम पोचलं. अस्वल कुठेच नव्हतं. बर्डेटला दिसले ते हातात हात घालून दगडाला टेकून रडणारे दोन व्याही. त्याने काय केलं असेल? तो हसला. मग त्याने ढीग पाहिला, आणि हसणं तिथेच टाकून आम्हाला घोड्यांवर चढवायला लागला.

गावात मात्र त्याने ते हसणं परत आणलं. आता रोज कॅफेत कोणीतरी विचारतं, अस्वल किती लांब होतं रे? मी म्हणतो वीस पावलं. बर्डेट म्हणतो, "दाजींना डोळे उघडता येत नव्हते, मोजलं कशाने, नाकाने?" त्याच्या मते ती सहाशे बारा वारांवर होती. आणि रॉइस, ज्याने आयुष्यात एकदाच एवढी लांबची गोळी खरोखर घातली, तो त्या गोळीबद्दल अवाक्षर काढत नाही. विचारलं तर म्हणतो, "शिकारीला गेलो होतो. थंडी होती." बर्डेटला याचंच फार वाईट वाटतं. नऊशे दहाला स्पर्धाच उरली नाही.

असो. पत्र फार लांबलं. तू डोळ्याला जप, थेंब वेळेवर घाल. ग्रेथा, मारिट आणि आमचा बर्डेट यांचे नमस्कार. तुझा आशीर्वाद नेहमीप्रमाणे रागावूनच दे, आम्हाला तसाच पोचतो.

तुझा,
आर्व्हिड

ता. क. लग्नाचं आमंत्रण छापून येईल, पण तू त्याची वाट पाहू नकोस. नाच पाहायला तू हवीसच.

ता. क. दुसरं. वनखात्याची एक बाई दोन दिवसांनी तिथे जाऊन आली. आल्यावर तिने रॉइसला आणि मला बाहेर बोलावलं, बर्डेटला नाही. आम्ही ज्या दगडाला टेकून बसलो होतो, त्याच्या पलीकडच्या बाजूला गवत दबलेलं होतं, कोणी तरी बराच वेळ आडवं झाल्यासारखं. तिथल्या खुणांवरून ती म्हणाली, फवाऱ्यानंतर अस्वलीण तिथेच येऊन बसली असावी, आणि घोडे येईपर्यंत उठली नसावी. मधे फक्त दगड. तिने हाताने दाखवलं: एवढा. तुझ्या शिवणयंत्राच्या टेबलाएवढा. रॉइस आणि मी ठरवलंय, हे कोणाला सांगायचं नाही. एक वार, आत्या. आयुष्यभर या माणसांमध्ये बसून शेवटी मलाही एक अंतर मिळालं, आणि ते माझ्या तोंडून निघतच नाही.

ता. क. तिसरं. हे ग्रेथाला कळू देऊ नकोस. अंधार पडला की मला लाकडांच्या खोपटापर्यंत जाता येत नाही. दुपारीच लाकडं आणून ठेवतो. ग्रेथाला वाटतं, मी कामसू झालोय. तू हिवाळाभर इकडे राहायला ये. मांजर घेऊन ये. तू कशालाच भीत नाहीस हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. लाकडं मीच उचलीन, तू फक्त दारात उभी राहा. आणि ग्रेथाला असं कळव, की तुलाच हल्ली एकटीला भीती वाटते.