अप्पांचा अकरा नंबर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण अप्पांची लोखंडी ट्रंक माळ्यावर चढवल्यापासून कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घे. भावोजींचा खोकला कसा आहे? तुमच्याकडे समुद्र नाही, त्यामुळे वादळाबद्दलचे तुमचे सल्ले किती निर्भय असतात ते फोनवर ऐकलंच. इकडे आम्ही धडधाकट आहोत. घराबद्दल पुढे सांगतो.

आधी पिवळा इशारा आला, म्हणजे लक्ष ठेवा. आम्ही ठेवलं, मुख्यतः टीव्हीवर. मग नारिंगी आला, म्हणजे तयारीत राहा. तुझ्या भावजयीने पिण्याचं पाणी भरलं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधली, टॉर्चचे सेल बदलले. मी सुटे पत्रे बांधायला घेतले (त्यातला एक शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडला, पण तेव्हा वाराच नसल्याने वादळावर ढकलता आलं नाही). मग लाल आला, म्हणजे किनाऱ्यालगतच्यांनी घर सोडून शाळेत जा. सगळी गल्ली निघाली. आपले तीर्थरूप मात्र खुर्चीत. बंदरावर वादळाचे बावटे चढवण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, त्यांना रंग कसे चालणार? त्यांना आकडे लागतात, एक ते अकरा. रंगाचं साडीच्या दुकानात बघा, असं त्यांनी दारात आलेल्या पोलिसाला सुनावलं. (तो बिचारा उलटी झालेली छत्री सांभाळत "बरं" म्हणाला.)

दहा नंबर म्हणजे महाभयंकर धोका, हे त्यांना मान्य. पण अकरा त्याच्याही वरचा. म्हणजे हवामान कचेरीशी संपर्कच तुटला, आता वरून कोणी सांगणार नाही, आपलं आपण ठरवायचं. संपर्क आहे तोवर जागा सोडायची नाही, हे त्यांचं पालुपद. पाणी अंगणात आलं, ओसरीवर आलं, तरी संपर्क काही तुटेना. कारण तू. तुझा एक फोन ठेवावा तोच दुसरा, आणि दर वेळी अप्पा विजयी मुद्रेने मला सांगणार की लाइन चालू आहे. भावजय तुझी, अप्पांशिवाय हलणार नाही म्हणून उंबरठ्यावर ठाण मांडून बसलेली. माझी, खोटं कशाला सांगू, पाचावर धारण बसली होती.

आणि एकाएकी तुझा फोन येईना. अप्पांनी मोबाइल उचलला, चष्मा लावून बराच वेळ बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अकरा."

मग काय विचारतेस! नोकरीतली टोपी चढवून त्यांनी आम्हाला गुडघाभर पाण्यातून रांगेत नेलं (दोघांची रांग). शाळेत आधीच येऊन बसलेल्या गल्लीला, आकड्याची वाट न बघता पळालात म्हणून झापलं. दुसऱ्या दिवशी परतलो, तर अप्पांच्या खुर्चीत छप्पर बसलं होतं.

तुझा धाकटा

ता. क. लाइन गेली नव्हती. अप्पा खिडकीकडे वळले तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवरचं विमानाचं बटण मीच दाबलं. त्यांना कळलं तर जन्मभर ऐकवतील, तेव्हा तुझ्यापाशीच ठेव. विनंती एवढीच, की पुढच्या वेळी लाल इशारा आला की फोन करू नकोस. हात शिवशिवले तर भावोजींची छाती शेकत बस.

आणखी ता. क. (अप्पांच्या हातचा) चि. थोरलीस आशीर्वाद. चिरंजीवांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. विमान मला चष्मा लावल्याबरोबर दिसलं होतं. पण त्याचे हात इतके कापत होते, की म्हटलं आता कचेरीची वाट बघण्यात अर्थ नाही. त्याला बोलू नकोस. तू फोन करत जा, वादळात तुझा आवाज बरा वाटतो. लाइन तोडायला तो आहेच.