सकाळी सातच्या फोनला वारस

मी, खाली सही करणारा, वय त्रेसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, हा कागद पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. इतर लोक 'शुद्धीत' हा शब्द सहज लिहून पुढे जातात. मला तो सिद्ध करावा लागतो, कारण मला बायपोलर आजार आहे. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिलं आजाराच्या चढात असताना केलं होतं. त्यात बांधणीची खोली समोरच्या न्हाव्याला दिली होती, कारण त्या दिवशी तो मला फार आवडला होता. दुसरं उतारातलं, त्यात सगळं जाळून टाका, एवढंच होतं.

आमच्या गुरुवारच्या बैठकीत सगळे याच आजाराचे. मोठी सही करायची तर कागद लागोपाठ तीन गुरुवार वाचून दाखवायचा, तिन्ही वेळा मत तेच राहिलं तरच पेन उचलायचं, असा आमचा नियम आहे. हा कागद आज तिसऱ्यांदा वाचला. माझी मूत्रपिंडं गेली आहेत, त्यामुळे चौथ्या गुरुवारची चैन परवडणार नाही.

कलम १. बांधणीची खोली बैठकीला द्यावी. दाराला पाटी लावू नये. पाटी वाचून निम्मे लोक उंबऱ्यावरूनच परत जातात.

कलम २. पुतणीच्या लग्नात धाकट्या भावाने पाहुण्यांना सांगितलं, "दादा परगावी गेलाय." मी दोन गल्ल्या पलीकडे घरातच होतो. माझी सुटकेस त्याला द्यावी. कोरी आहे, मी कुठेच गेलो नाही.

कलम ३. दाबयंत्र, सुऱ्या, सुया, दोरा हे सगळं शिंप्याच्या मुलीला. शिंपी माझा जोडीदार होता. बैठकीत प्रत्येकाला एक जोडीदार असतो, सकाळी सातला त्याला फोन करून एकच विचारायचं, "किती तास झोपलास?" झोप तुटली, की चढ सुरू झाला समजायचं. बरा आहेस का, असं विचारायचं नाही. त्याचं खोटं उत्तर आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे.

एकदा मी एकोणीस दिवस अंथरुणातून उठलो नाही. नातेवाईक येऊन उपदेशाचे डोस पाजून गेले. शिंपी पँटींचा गठ्ठा घेऊन आला आणि रोज उशाशी बसून मुकाट्याने हातशिलाई करत राहिला. विसाव्या दिवशी म्हणाला, "मीपण असाच पडलो होतो रे. आज फक्त दात घास." मी घासले.

तीन वर्षांपूर्वी फोन करायची पाळी माझी होती. मी उतारात होतो. पलीकडून शिंपी हसत होता, चार गोष्टी एकदम सांगत होता. "इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं," म्हणाला. मी स्वतः इतका खाली होतो, की मला तो बरा झालेला वाटला. आनंद झाला. झोपेचं विचारायचं राहिलं. बाहेरच्या माणसाने ही चूक केली असती तर मी माफ केली असती; मला तो आवाज ओळखायला हवा होता. तिसऱ्या दिवशी तो भरधाव मोटरसायकलवर अपघातात गेला. त्याच्या मुलीने मला दोष दिला नाही. मी देतो, आणि हा दोष कोणाच्या नावे करता येत नाही.

कलम ४. शिंप्यानंतर मी बैठकीतल्याच नर्सबाईला फोन करतो. ती तिशीतली आहे. ती "ठीक आहे काका" म्हणेल. त्यावर फोन ठेवू नये, तासांचा आकडा मिळेपर्यंत धरून राहावं. माझ्यामागे हे काम करणाऱ्याचं नाव: ____________

पुढचं आजच्या वाचनानंतर जोडलं आहे. पहिल्या गुरुवारी हे कलम वाचलं तेव्हा सगळे फरशीकडे बघत राहिले. दुसऱ्या गुरुवारी वकीलबाई "बघू" म्हणाल्या. मी कोणावर रागावलो नाही. ज्यांना स्वतःची सकाळ उचलवत नाही, त्यांनी दुसऱ्याची कुठून उचलायची? आजही कोणी हात वर केला नाही. नर्सबाई समोरच बसली होती. म्हणाली, "राहू द्या ना काका. मी गजर लावीन."

मी तिथेच विचारलं, "काल किती झोपलीस?"

"दोन तास."

सगळ्यांनी ऐकलं. तरी हात कोणाचाच वर आला नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सही झाली की तिला डॉक्टरांच्या दवाखान्यात नेतो. उद्या सातला फोन करीन, परवाही करीन. त्यापुढचं मला लिहिता येत नाही. माझं मत तिन्ही गुरुवारी तेच होतं, म्हणून कलम खोडत नाही. जागा कोरी ठेवून सही करतो.

सही: पुस्तकबांधणी करणारा

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही:
१. डॉक्टर (सही करणारा शुद्धीत असल्याची खात्री करून)
२. शेजारच्या शिक्षिका

ठिकाण: बांधणीची खोली
दिनांक: गुरुवार, १९ ऑक्टोबर २०२३
कलम ४ मधील नाव: सहीच्या वेळी कोरं